दुपारी बंद पडणारं तीन नंबरचं चेंबर: सावद्याकडच्या केळी पिकवणी केंद्रातल्या कूलिंग युनिटची देखभाल

एप्रिलचा दुसरा आठवडा. सावदा ते फैजपूरच्या दरम्यान, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गाला लागून असलेलं एक केळी पिकवणी केंद्र. प्रत्येकी १० टन माल बसणारी चार चेंबर, प्रत्येकाला स्वतंत्र ४ टनी कूलिंग युनिट, आर-२२ गॅसवर चालणारं. (युनिटचा टन वेगळा: १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता उचलण्याची ताकद.) चारही युनिटं एकाच वेळी बसवलेली, एकाच मॉडेलची. तक्रार फक्त तीन नंबरची होती. दुपारी एक ते चारच्या दरम्यान युनिट दोन-तीनदा बंद पडायचं, रखवालदार जाऊन लाल बटण दाबायचा, पुन्हा सुरू व्हायचं. तिसऱ्या दिवशी चेंबर उघडलं तर कॅरेटच्या थप्पीच्या मधल्या फण्या आतून मऊ, साल मात्र हिरवट. बाजारात हा माल पडेल भावानेच जातो.

साल हिरवी राहून गर मऊ पडणं ही तापमानाचीच खूण आहे. ग्रँड नैनसारख्या जातीत गराचं तापमान २४ अंशांच्या वर गेलं की पिष्टाची साखर होत राहते, पण सालीतलं हरितद्रव्य पुरेसं मोडत नाही. म्हणून सुरुवातीचे दिवस गर १६ ते १८ अंशांवर आणि शेवटी १४-१५ वर ठेवावा लागतो. १३ च्या खाली गेलं तर उलटा त्रास, थंडी लागून साल काळपट पडते. म्हणजे खेळायला जागा अवघी चार-पाच अंशांची.

आधी काय केलं होतं

महिनाभरात दोनदा मिस्त्री बोलावला गेला. दोन्ही वेळा निदान एकच: "भाऊ, गॅस कमी झालाय." दोन्ही वेळा अंदाजाने गॅस भरला गेला, वजनकाटा न लावता. आणि दोन्ही वेळा युनिट त्या संध्याकाळी व्यवस्थित चाललं.

सगळी फसगत इथेच आहे. मिस्त्री दिवसभराची कामं उरकून साडेपाच-सहाला येतो. तोवर बाहेरची हवा ४३ वरून ३७-३८ वर आलेली असते, कंडेन्सरवरचा (उष्णता बाहेर फेकणाऱ्या भागावरचा) ताण आपोआप उतरलेला असतो. गॅस भरला नसता तरी युनिट त्या वेळी चाललंच असतं. पण सिलिंडर लावला आणि युनिट चाललं, एवढंच मालकाला दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. कूलिंगचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरणं चूक. आणि कमी झालाच नसेल, तर भरणं ही आणखी मोठी चूक.

दुपारी दोनची मापं

कशालाही हात न लावता, भर दुपारी दोन वाजता, माल भरलेला असताना मापं घेतली. गेज, नळीला चिमटा लावून तापमान मोजायचा थर्मामीटर, क्लॅम्प मीटर आणि गरात खुपसायचा सुईचा थर्मामीटर, एवढ्या चार गोष्टी पुरतात.

सावलीत हवा ४३ अंश. पण कंडेन्सर जी हवा आत ओढत होता ती ४८. डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून (गॅस दाबणाऱ्या पंपातून) बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, ३८० पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे आर-२२ साठी ६५.५ अंशांवर गॅसचा द्रव होत होता. कंडेन्सरमधून बाहेर येणारी द्रव नळी ५१.५ अंश. दोन्हींतला फरक, म्हणजे सबकूलिंग, १४ अंश. सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब, ८६ पीएसआय, म्हणजे साडेदहा अंशांवर द्रवाचा गॅस होत होता. परतणारा गॅस त्याहून किती गरम, म्हणजे सुपरहीट, ६. कॉम्प्रेसरजवळ डिस्चार्ज नळी ११८ अंश. कॉम्प्रेसरचा करंट ९.९ अँपिअर. शेजारचं दोन नंबरचं युनिट त्याच क्षणी ७.७ वर चाललं होतं.

ही मापं वाचता आली तर निम्मं काम झालं. गॅस खरोखर कमी असता तर सक्शन खाली आलं असतं, सुपरहीट १२-१५ च्या वर गेलं असतं, सबकूलिंग एक-दोनवर आलं असतं आणि साइट ग्लासमध्ये (द्रव नळीवरच्या काचेच्या खिडकीत) बुडबुडे दिसले असते. इथे सगळं उलट होतं. सुपरहीट ठीक, म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्हला (आतल्या कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या झडपेला) पुरेसा द्रव मिळतोय आणि व्हॉल्व्हही काम करतोय. सबकूलिंग नेहमीच्या ५ ते ७ ऐवजी १४, म्हणजे कंडेन्सरच्या खालच्या नळ्या जादा द्रवाने भरून बसल्यात. त्या भरलेल्या नळ्यांत गॅसचा द्रव होत नाही, म्हणजे तेवढा कंडेन्सर उष्णता फेकण्यापुरता वायाच. आधीच उन्हाळा, त्यात कंडेन्सर लहान करून ठेवलेला. हाय प्रेशर कट-आउट, म्हणजे दाब फार वाढला की युनिट बंद करणारा स्विच, ३९० वर ट्रिप होत होता आणि तो आपलं काम चोख करत होता. असा कट-आउट वारंवार पडतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून मर्यादा वाढवणारे किंवा तार जोडून तो बायपास करणारे भेटतात. असं केलं तर पुढचा खर्च नव्या कॉम्प्रेसरचा. ११८ अंशांवर चालणाऱ्या नळीमागे कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हपाशी तापमान त्याहून जास्त असतं, आणि तिथे तेल करपायला लागतं.

पण जादा गॅस भरण्याआधीही युनिट पडतच होतं. म्हणजे मूळ कारण वेगळं होतं, गॅसने ते वाढवलं.

कंडेन्सरपाशी काय सापडलं

तीन गोष्टी, एकात एक अडकलेल्या.

पहिली, हिरवी शेडनेट. ऊन लागू नये म्हणून युनिटला चारी बाजूंनी नेट गुंडाळली होती. हेतू चांगला, पण पंख्याने फेकलेली गरम हवा नेटला आपटून पुन्हा मागच्या बाजूने आत ओढली जात होती. बाहेर ४३ असताना युनिटला ४८ ची हवा मिळत होती ती यामुळेच. सावली करायची तर फक्त डोक्यावर, चारी बाजू मोकळ्या.

दुसरी, कॉइल, म्हणजे कंडेन्सरच्या नळ्या आणि त्यांवरच्या पातळ पत्र्यांची (फिनची) जाळी. बाहेरून पाहिली तर स्वच्छ दिसत होती, कारण दर महिन्याला पाइपने पाणी मारलं जात होतं. अंधार पडल्यावर आतल्या बाजूने टॉर्च लावली तेव्हा खरं कळलं. उजव्या निम्म्या भागातून उजेडच येत नव्हता. ही दोन ओळींची कॉइल होती. बाहेरून मारलेल्या पाण्याने समोरच्या ओळीवरची धूळ आत ढकलली आणि ती दोन ओळींच्या मध्ये साचली. काळ्या मातीची धूळ ओली झाली की तिचा गारा होतो, वाळला की विटेसारखा घट्ट. त्यात हिवाळ्यात जिनिंगकडून उडत आलेला कापसाचा तंतू आणि केळीच्या वाळक्या पानांची भुकटी. तंतू जाळीसारखा बसतो आणि पुढची सगळी धूळ अडवतो. या पट्ट्यात कंडेन्सर कोरडा न झाडता थेट पाणी मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने लिंपण करणं.

तिसरी, उलटा फिरणारा पंखा. युनिटला दोन पंखे. उजवीकडच्या पंख्याची मोटर फेब्रुवारीत रिवाइंड करून बसवली होती. समोर कागदाचा कपटा धरला तर डावा पंखा तो बाहेर फेकत होता, उजवा मात्र आत ओढत होता. जोडताना तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झालेली. पूर्ण पुरवठ्याचाच फेज क्रम उलटला असता तर स्क्रोल कॉम्प्रेसरही उलटा फिरला असता, मोठा घरघराट झाला असता आणि प्रेशरच बनलं नसतं. एकच पंखा उलटा, म्हणजे चूक त्या मोटरच्या जोडणीत. पंखा फिरताना दिसतो म्हणून कोणाला शंका येत नाही. पण इथे डाव्या पंख्याला कॉइलमधून हवा ओढण्यापेक्षा शेजारच्या उलट्या पंख्याच्या तोंडातून ओढणं सोपं जात होतं. निम्मी हवा कॉइलला न शिवता गोल फिरत होती, आणि उजव्या बाजूची धूळ तिथेच मुरत गेली.

दुरुस्ती, ज्या क्रमाने केली त्या क्रमाने

माल निघाल्यावर काम हाती घेतलं. आधी आयसोलेटर (युनिटचा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप, मग मल्टिमीटरने तिन्ही फेज मेले आहेत याची खात्री. इथिलीनचा (केळी पिकवणाऱ्या वायूचा) पुरवठा बंद. चेंबरचं दार आणि डँपर (हवेची झडप) उघडे ठेवून अर्धा तास हवा खेळवली, मगच माणूस आत, आणि बाहेर दुसरा माणूस उभा. हा नियम इथिलीनपेक्षाही कार्बन डायऑक्साइडसाठी आहे. इथिलीन ज्वालाग्राही आहे, पण हवेत २.७ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. पिकवायला लागतं १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), म्हणजे त्याच्या अडीचशेव्या हिश्श्याहूनही कमी. अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादाही १०० पीपीएमच आहे. कार्बाइडला पूर्ण बंदी. कार्बन डायऑक्साइडचं गणित मात्र भीतीदायक आहे. पिकायला लागलेली केळी १८ अंशांवर किलोमागे तासाला ६० मिलिलिटरपर्यंत तो सोडतात. १० टनांचे झाले ६०० लिटर. मालाभोवतीची मोकळी हवा ६० घनमीटर धरली, तर बंद चेंबरमध्ये तासाला १ टक्का वाढ. गरगरलं म्हणून बाहेर पडायला माणसाला वेळ मिळेलच असं नाही. इथिलीन सिलिंडरमधून आत सोडत असाल तर आतमध्ये ब्रेझिंगचा (नळ्या झाळायचा) टॉर्च पेटवायचाच नाही. ते काम सिलिंडर दूर नेऊन, चेंबर रिकामं आणि उघडं असतानाच.

नेट काढली. कॉइल आधी कोरडी साफ केली: मऊ ब्रश, फक्त फिनच्या दिशेने वरून खाली, मागे व्हॅक्यूम. तीन पत्रे आणि पंख्यांची जाळी उतरवून दोन ओळींच्या मधला थर पातळ पट्टीने सैल केला. त्यानंतर अल्कलाइन कॉइल क्लीनर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून, आतल्या बाजूने फवारला. दहा मिनिटं ठेवला, वाळू दिला नाही. शेवटी साध्या नळीचं पाणी, तेही आतून बाहेर, म्हणजे हवा जिकडून येते तिच्या उलट दिशेने. निघणारं पाणी काळ्याचं नितळ होईपर्यंत. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप वापरायचा नाही, फिन आडव्या होतात आणि मग ती जागा कायमची बंद. आधीच वाकलेल्या फिन कंगव्याने सरळ केल्या. आम्लाचं क्लीनर कॉइल चकाकवतं, पण अॅल्युमिनियम खातं. ते टाळलेलंच बरं. मोटरच्या दोन वायरी बदलल्या आणि पुन्हा कागदाचा कपटा धरून पाहिला.

आता गॅस. नेमप्लेटवर ४.२ किलो लिहिलं होतं आणि नळीची लांबी त्या हिशेबातच बसत होती. रिकव्हरी मशीनने सगळा गॅस रिकाम्या रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढला. काट्यावर ५.६ किलो भरला. म्हणजे दोन भेटींत १.४ किलो जादा, मूळ भरण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा! गॅस हवेत सोडायचा नाही आणि रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. उन्हात द्रव फुगायला जागा लागते.

जादा तेवढाच काढूनही भागलं असतं. पण ११८ अंशांवर महिनाभर चाललेल्या कॉम्प्रेसरचं तेल तपासणं गरजेचं होतं. अॅसिड टेस्टमध्ये रंग बदलला नाही, तेल ठीक निघालं. सिस्टिम उघडलीच आहे तर फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारी डबी) बदलला, ब्रेझिंग करताना नळीतून हळू नायट्रोजन सोडत, नाहीतर आत काळी पपडी धरते आणि ती थेट एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या फेसाने सांधे पाहिले, गळती नव्हती. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (जवळजवळ पूर्ण निर्वात) खेचून पंप बंद केला आणि वीस मिनिटं काटा पाहिला. मग काट्यावर मोजून बरोबर ४.२ किलो.

बोर्डातली एक गोष्ट, जी कोणी पाहिली नव्हती

चालू युनिटवर तीन फेजमधला विजेचा दाब मोजला: ३८४, ३८६ आणि ४०२ व्होल्ट. सरासरी ३९१, सरासरीपासूनचा जास्तीत जास्त फरक ११, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. २ टक्क्यांच्या पुढे मोटरला धोका सुरू होतो, कारण दाबातला एवढासा असमतोल करंटमध्ये सहा ते दहापट होऊन उमटतो आणि एक वाइंडिंग एकटंच तापतं. दोष बाहेरच्या लाइनचा धरून चालणं सोपं होतं. पण ज्या दोन मापांत दाब कमी, त्या दोन्हींत आर फेज सामाईक होता. आयसोलेटरवर आर फेजचा लग (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) सैल आणि काळा पडलेला निघाला. लग कापून नवा क्रिम्प केला, टर्मिनल आवळलं. दाब आला ४००, ४०१, ४०२. कॉन्टॅक्टरचे (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट खड्डे पडलेले होते, घासत न बसता कॉन्टॅक्टर बदलला. घासल्यावर चांदीचा थर जातो.

चेंबरच्या आत

इथे दोष लहान, पण माल यांनीच बिघडवला. कंट्रोलरचा सेन्सर बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवला तेव्हा शून्याऐवजी उणे १.५ दाखवत होता. म्हणजे पडद्यावर १९ असताना हवा साडेवीस. कंट्रोलरमध्ये दीड अंशाची दुरुस्ती घातली. थप्पीवर ओढायची ताडपत्री एका कडेला फाटली होती, त्यामुळे पंखा कॅरेटमधून हवा ओढण्याऐवजी त्या फटीतून ओढत होता. दारापाशीचा गर २०, थप्पीच्या पोटातला २५. ताडपत्री बदलली. आतल्या कॉइलवर पांढरी पूड होती. बोअरचं जड पाणी ह्युमिडिफायरला वापरलं की तुषार वाळतात आणि क्षार फिनवर बसतात. आर्द्रता ९० ते ९५ टक्के हवी असते, त्यामुळे ह्युमिडिफायर बंद ठेवता येत नाही, पाणी मात्र आरओचं द्यायला हवं. नोझल सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवून मोकळे केले, फिनला आम्ल लावलं नाही. ड्रेनचा यू-ट्रॅप शेवाळाने तुंबला होता, तो खोलून धुतला.

नंतरची मापं

तीन दिवसांनी, पुन्हा दुपारी दोनलाच, पुन्हा ४३ अंशांत आणि भरलेल्या चेंबरवर. संध्याकाळचं माप या कामी चालत नाही. आत ओढली जाणारी हवा ४४. डिस्चार्ज ३१५ पीएसआय, म्हणजे ५७ अंश, येणाऱ्या हवेपेक्षा १३ ने जास्त. आधी हा फरक साडेसतरा होता. सबकूलिंग ६, सुपरहीट ६. सक्शन ७४ पीएसआय. करंट ७.८. कट-आउट एकदाही पडला नाही. गर तिसऱ्या दिवशी दारापाशी १६.५ आणि पोटात १७.५.

युनिट लहान पडतंय, पाच टनी घ्या, असा सल्लाही मधल्या काळात दिला गेला होता. हिशेब तसं सांगत नाही. १० टन केळी ३४ अंशांवरून १८ वर चोवीस तासांत आणायला सुमारे ६.२ किलोवॅट लागतात. पिकण्याच्या भरात मालाची स्वतःची उष्णता टनामागे साडेतीनशे वॅटपर्यंत, म्हणजे ३.५ किलोवॅट, पण ती नंतरच्या दिवसांत येते, पहिल्या दिवसाच्या ओझ्यात पूर्णपणे मिसळत नाही. भिंती, पंखे आणि दार धरूनही ४ टनी, म्हणजे नेमप्लेटवर १४ किलोवॅटच्या युनिटला, उन्हाळ्यात ताकद थोडी घटली तरी, हे काम झेपतं. घड पहाटे उतरवून दुपारच्या आत चेंबरमध्ये आणले तर आणखी सोपं जातं.

पुढचं वेळापत्रक

मोठी देखभाल वर्षातून दोनदा. फेब्रुवारीच्या अखेरीस कंडेन्सरची: टॉर्चची चाचणी, आतून बाहेर धुणं, पंख्यांची दिशा, सर्व लग, फेजचा दाब, सबकूलिंग आणि सुपरहीट. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी फक्त कोरडा ब्रश, पाणी नाही. जिनिंग सुरू असतं तेव्हा, म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, दर आठवड्याला तंतू हाताने ओढून काढायचा, तो बसायच्या आत.

दुसरी मोठी देखभाल दिवाळीच्या सुमारास, हीटरची. डिसेंबर-जानेवारीत जळगावकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, बागेतून आलेल्या मालाचा गर १३-१४ वर असतो, आणि तो १६ च्या वर चढवल्याशिवाय इथिलीन दिलं तर रंग असमान येतो. २ किलोवॅटच्या हीटर एलिमेंटचा रोध २३० व्होल्टला साडेसव्वीस ओहमच्या जवळपास यायला हवा. अनंत दाखवलं तर तुटलं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) इन्सुलेशन २ मेगाओहमच्या वर हवं. दमट चेंबरमध्ये उन्हाळाभर पडून राहिलेलं एलिमेंट इथेच नापास होतं. पंखा बंद असताना हीटर सुरूच होणार नाही असा इंटरलॉक हवा आणि तो दरवर्षी पंखा मुद्दाम बंद करून तपासायला हवा. हीटर नादुरुस्त म्हणून चेंबरमध्ये शेगडी किंवा गॅसचा बर्नर ठेवायचा नाही. प्राणवायू कमी होतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि इथिलीनशेजारी उघडी ज्योत राहते.

आणि दाराशेजारी एक वही, दोरीने बांधलेला पेन. रोज दुपारी दोनला, प्रत्येक चेंबरसाठी एक ओळ: बाहेरचं तापमान, डिस्चार्ज प्रेशर, करंट, गराचं तापमान दारापाशी आणि थप्पीच्या पोटात, कट-आउट पडला का. मिस्त्री आला की सिलिंडर उतरवायच्या आधी ही वही त्याच्या हातात द्यायची, आणि गॅस भरला तर किती ग्रॅम, हे त्याच्याच हाताने तिथे लिहून घ्यायचं.